दोनदा पुसलेला फोन

अमौसीच्या मेट्रो स्टेशनजवळ, कानपूर रोडच्या कडेला, मोबाइल दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान आहे. काउंटरच्या काचेखाली जुने डिस्प्ले, फुगलेल्या बॅटऱ्या आणि कुणी परत न्यायलाच न आलेले फोन. २०२४ च्या जुलैत मी तिथे आईचा फोन घेऊन गेले. दुकानदार पंचविशीतला मुलगा. त्याने फोन चालू केला, पडद्यावर नऊ ठिपके उमटले, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

“पैटर्न?”

“मालूम नहीं. माताजी का फ़ोन है.”

“तो उनसे पूछ लीजिए.”

मी गप्प राहिले. त्याला कळलं असावं. त्याने फोन पालथा घालून कपड्याने पुसला, उगाचच, आणि हळू आवाजात म्हणाला, “रीसेट मारना पड़ेगा. लॉक हट जाएगा, पर अंदर का कुछ नहीं बचेगा. बैकअप है?”

“नहीं.”

“तो आज मत कराइए. घर जाइए, सोच लीजिए.”

दोन-तीनशे रुपयांचं काम त्याने आपण होऊन परत पाठवलं. लखनौचा अदब म्हणून जो मिरवला जातो तो मला फारसा कधी भेटलेला नाही. त्या दिवशी त्या दुकानात भेटला.

आई चार वर्षं आमच्याकडे होती. बाबा गेल्यावर २०१९ मध्ये साताऱ्याचं घर बंद करून ती इथे आली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेट्रो अमौसीपर्यंत पोहोचली होती, आणि तिला स्टेशनावरून वर चढून नुसतं गाड्या बघायला आवडायचं. विमानतळाला चौधरी चरणसिंहांचं नाव देऊन बरीच वर्षं झाली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून अमौसीच आहे. आमचं घर धावपट्टीपासून इतकं जवळ की मोठं विमान उतरताना कपाटातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणतात. आईला पहिले सहा महिने त्या आवाजाचा राग यायचा. मग ती विमानांशी बोलायला लागली.

कारण ती दुपारी गॅलरीत बसून फोनमध्ये गाणी भरायची. तिच्या आईकडून तिला आलेली: हादग्याची, जात्यावरची, मंगळागौरीची, बाळंतिणीच्या खोलीत म्हणायची. शाळेत शिक्षिका होती, पेटी वाजवायची, आवाज वयाने चिरकला होता पण सूर पक्का होता. एक कडवं झालं की विमान यायचं. ती थांबायची, “जा रे बाबा एकदाचा,” म्हणायची, आणि विमान गेलं की पुढचं कडवं. हे सगळं मी आतल्या खोलीत भाषांतर करत बसलेली असताना कानावर पडायचं. कानावर पडणं आणि ऐकणं यांत फरक आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कामाची घाई होती.

एकदा ती म्हणाली, “तुला पाठवून ठेवू का गं? तीसेक झालीत.”

मी म्हटलं, “एका घरात राहतो आपण. पाठवायचं कशाला? फोनमध्ये आहेतच की.”

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आई गेली, तीन दिवसांच्या आजाराने. नंतर कधीतरी फोन हातात घेतला तर पॅटर्न लागेना. मला माहीत होता तो इंग्रजी एल. पण नातू गेम खेळतो म्हणून तिने तो बदलला होता, आणि बदलल्याचं मुलाला सांगितलं नाही तसं मलाही सांगितलं नाही. बोटाचा ठसा कधी लावलाच नव्हता, भांडी घासून झिजलेलं तिचं बोट फोन ओळखतच नसे.

नऊ ठिपक्यांतून किमान चार जोडून किती पॅटर्न होतात याचा हिशोब झालेला आहे: ३,८९,११२. पाच चुकले की फोन अर्धा मिनिट थांबायला लावतो, आणि चुकत गेलं की थांबणं वाढत जातं. दादा साताऱ्याहून फोनवर सुचवत होता, मी काढून बघत होते. आईच्या नावाचं आद्याक्षर. स्वस्तिकाची एक भुजा. मग आम्हाला दोघांनाही एकदमच सुचलं की हे तर ठिपके आहेत, आणि आई रोज उंबऱ्यापाशी ठिपक्यांची रांगोळी काढायची. तीन बाय तीनमध्ये बसतील अशा तिच्या रांगोळ्या आठवून आठवून काढल्या. गोपद्म बसत नाही. कमळ बसत नाही. एकदा शेजारणीने पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पीठ पसरून त्यात बोट फिरवत होते. हाताला आठवतंय का ते बघत होते, पण तो हात माझा होता.

मग फोन कपाटात गेला. अधूनमधून चार्ज करायची. चार्ज झाला की संध्याकाळी साडेपाचला त्याचा गजर वाजायचा, रक्तदाबाच्या गोळीचा. कुलूप न उघडताही गजर बंद करता येतो. पडद्यावर ‘गोळी’ असं आईने मराठीत लिहिलेलं यायचं, मी ते बाजूला सारायची. आठ महिने हे चाललं.

त्या दुकानात जायचं कारण वेगळं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी दीदी म्हणते आणि त्या मला दीदी म्हणतात. आईला त्या अम्मा म्हणत. शेवटची दोन वर्षं दुपारी मी बाहेर असले की आईजवळ त्याच असायच्या. त्यांची मुलगी बारावीत गेली होती. शाळेचा सगळा अभ्यास व्हॉट्सॲपच्या गटावर यायचा, आणि घरातला एकमेव फोन तिच्या वडिलांबरोबर नादरगंजच्या कारखान्यात पाळीला जायचा. ते रात्री दहाला परतले की मुलगी अभ्यास उतरवून घ्यायची. दीदींनी मागितला नाही. पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, “अम्मा वाला फ़ोन तो बंद पड़ा रहता होगा.”

दादा म्हणाला, नवा घेऊन दे तिला, मी पैसे पाठवतो. हा फोन ठेव. पाच-दहा वर्षांत निघेल काहीतरी, आज उघडत नाही ते उद्या उघडेल. त्याच्या म्हणण्यात मला तथ्य वाटलं, कारण आमच्या घरात असं एकदा झालेलं आहे. पणजोबांचे मोडीतले कागद दोन पिढ्या पेटीत पडून होते. बाबांना मोडी वाचता येत नव्हती, आईला नाही. एम.ए.ला असताना मी सुट्टीत मोडीच्या वर्गाला बसले आणि त्या कागदांतून एका विहिरीच्या वाटणीचं भांडण बाहेर आलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. वाचणारे थोडे उरले तरी मोडी शिकता येते. एखादा माणूस सहा महिने बसला की कागद बोलायला लागतो.

म्हणून मी आधी वाचायला बसले. फोन म्हणजे बंद पेटी आहे का, एवढंच मला हवं होतं.

नाही. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये जे साठतं ते साठतानाच गुप्त रूपात साठतं. आईचं गाणं तिथे गाणं म्हणून नाहीच; अर्थ नसलेल्या आकड्यांची रास आहे. ती उलगडणारी किल्ली तयार होते दोन गोष्टींमधून: एक फोनच्या आतल्या चिपमध्ये पुरलेली, जी बाहेर काढता येत नाही, आणि दुसरी तुमच्या बोटातली, म्हणजे तो पॅटर्न. दोन्ही एका वेळी हजर असल्याखेरीज काही उघडत नाही. मोडी ही लिपी आहे, ती हजारोंना येत होती, म्हणून पुन्हा शिकता येते. ही किल्ली जगात एकाच माणसाकडे होती.

यात चूक कुणाचीच नाही. उलट, हे असं असावं म्हणून लोक भांडले आहेत. २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरंट सायमन आणि रॉस अँडरसन या दोन संशोधकांनी पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले होते. फॅक्टरी रिसेट केलेल्या फोनमधूनही आधीच्या मालकाच्या गोष्टी परत काढता येतात असं त्यांना आढळलं. असे नीट न पुसले जाणारे फोन जगात ५० कोटींपर्यंत असतील असा त्यांचा अंदाज होता. फोनमधली स्मृती पाटीसारखी पुसली जात नाही. पुसलं म्हणजे बहुतेक वेळा ‘ही जागा आता मोकळी समजा’ एवढीच नोंद होते, अक्षरं खाली तशीच राहतात. ते वाचताना माझ्या मनात पहिला विचार असा आला की आईचा फोन तसा जुना असता तर बरं झालं असतं. मग लाज वाटली. ज्या बाईने विकलेल्या फोनमधून तिचे फोटो कुणा अनोळखी माणसाने काढले असतील, तिच्या जिवावर मला माझी हादग्याची गाणी हवी होती.

आताच्या फोनमध्ये रिसेट वेगळा चालतो. तो मजकूर घासत बसत नाही, किल्ली मोडून टाकतो. अक्षरांचे तुकडे चिपवर काही काळ राहिले तरी ती अक्षरं उरत नाहीत. मी दादाला फोन करून सांगितलं, “फोन ठेवला काय नि पुसला काय, गाणी आजच नाहीयेत. आई गेली त्या दिवशीच गेली.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तरी एकदम पुसू नकोस. रविवारी कर.” का रविवारी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी रविवारी केलं.

कुलूप लागलेल्या फोनवर सेटिंगमध्ये जाता येत नाही, म्हणून मागच्या दाराने जावं लागतं. फोन बंद करायचा. आवाज वाढवायचं बटण आणि चालू करायचं बटण एकत्र दाबून धरायचं. काळा पडदा येतो, त्यावर बारीक अक्षरांत इंग्रजी यादी. इथे बोट चालत नाही. आवाजाच्या बटणांनी एकेक ओळ खाली उतरायचं, ‘वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट’ या ओळीवर थांबायचं, चालू-बंदचं बटण दाबायचं. मग तो विचारतो: सगळा डेटा पुसायचा? हे परत फिरवता येणार नाही. वर ‘नाही’ असतं, खाली ‘हो’. ‘हो’वर मुद्दाम उतरून जावं लागतं.

भाषांतराच्या सवयीने मी तिथेही अडकले. फॅक्टरी रिसेटला मराठीत काय म्हणावं? ‘मूळ स्थितीत आणणे’ असं सहज सुचतं. आमच्या धंद्यात मूळ म्हणजे भरलेलं. मुळात सगळं असतं, आणि आपल्या हातून थोडंथोडं गळत जातं, अशी आमची रोजची अपराधी भावना. इथे मूळ म्हणजे रिकामं. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा, कुणाचंच बोट न लागलेला. फोनच्या दृष्टीने आईची चार वर्षं ही मुळात नसलेली, नंतर साचलेली गोष्ट होती.

मी ‘हो’ म्हटलं. मिनिटभरही लागलं नाही. किल्ली मोडायला वेळ लागत नाही.

फोन पुन्हा सुरू झाला, अनेक भाषांत नमस्कार करू लागला. मी हिंदी निवडली, वायफाय जोडलं. आणि मग त्याने एक पाटी पुढे केली: हा फोन रिसेट करण्यात आला आहे, याआधी यावर असलेलं खातं पडताळा.

हे मला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं की २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये ही सोय आहे, चोराने मागच्या दाराने फोन पुसला तरी त्याला तो वापरता येऊ नये म्हणून. त्या क्षणी मात्र मी फोनकडे बघत राहिले. गाणी विसरला, फोटो विसरला, गोळीची वेळ विसरला. कुणाचा आहे, ते विसरला नव्हता. आधीचा मालक आल्याखेरीज तो दुसऱ्या कुणाचा व्हायला तयार नव्हता.

सुदैवाने खातं भाच्याने काढून दिलं होतं आणि पासवर्ड आईने पाककृतींच्या वहीत, साटोऱ्यांच्या पानावर लिहून ठेवला होता: तिच्या माहेरच्या गावाचं नाव आणि लग्नाचं साल. तिचं सिम मी बँकेच्या कामासाठी दुसऱ्या फोनमध्ये चालू ठेवलं होतं, त्यावर सहा आकडे आले, ते भरले. फोनने मला आई म्हणून आत घेतलं.

आत काही नव्हतं. गॅलरी रिकामी, रेकॉर्डर रिकामा. व्हॉट्सॲपचा बॅकअप कधी चालूच केला नव्हता. पण दोन-तीन मिनिटांनी टिक् टिक् करत एक गोष्ट खाली उतरायला लागली: नंबरांची यादी. ती आपोआप खात्यात जमा होत राहिली होती, आईला किंवा आम्हाला पत्ता नसताना.

आईने नावं कशी साठवली होती ते मी पहिल्यांदा पाहिलं. ‘डॉक्टर गुडघा’. ‘दूध भैया सकाळी नको’. ‘सिलिंडर’. ‘रिक्षा, भला माणूस’. सतत कर्ज देऊ करणाऱ्या नंबरांना ‘उचलू नये १’ पासून ‘उचलू नये ७’ पर्यंत. मावशी ‘माई कराड’. मी ‘बबी’, जरी मी पलीकडच्या खोलीत असायची. आणि दीदींचा नंबर ‘दीदी, जेवली का विचारणे’ या नावाने. साठ-सत्तर नोंदी होत्या. मी त्या सगळ्या वहीत उतरवून घेतल्या. आईने लिहिलेलं गद्य माझ्याकडे एवढंच आहे.

संध्याकाळी साडेपाच वाजले. मी ओट्याशी उभी होते. काही वाजलं नाही.

त्यानंतर फोन दुसऱ्यांदा पुसावा लागला. नाहीतर मुलीच्या हातात आईच्या नावाचा फोन गेला असता. या वेळी रीतसर, पुढच्या दाराने. आधी सेटिंगमध्ये जाऊन आईचं खातं काढलं, मग तिथूनच रिसेट. तो यादी दाखवतो: खाती जातील, ॲप जातील, फोटो जातील. जायला काहीच नव्हतं, तरी या दुसऱ्या वेळी माझा हात जास्त थांबला. पहिल्यांदा गाणी गेली होती. दुसऱ्यांदा तिची मालकी गेली. फोन तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याने कुणालाच ओळखलं नाही.

इथे मला एक आधीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं.

लखनौला आल्यावर आईने बडा इमामबाडा बघायचा आहे असं कधी म्हटलं नाही. तिला भातखंड्यांची शाळा बघायची होती. तिच्याकडे क्रमिक पुस्तकमालिकेचे दोन भाग होते, हाथरसला छापलेले हिंदी, कव्हरं गेलेले. एका थंडीत आम्ही अमौसीहून मेट्रोने हजरतगंजला गेलो, तिथून ई-रिक्षाने कैसरबागेत. वाजिद अली शाहच्या काळी जिला परीखाना म्हणत, त्या वास्तूत आता ही संस्था आहे. आत कुठेतरी तबल्याचा वर्ग चालू होता. आई व्हरांड्यात बाकावर बसली, गुडघे चोळत.

विष्णू नारायण भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरला जन्मलेले, धंद्याने वकील. १९२६ मध्ये त्यांच्या खटपटीने लखनौला हे संगीत महाविद्यालय निघालं, तेव्हा त्याला प्रांताच्या गव्हर्नरांचं, मॅरिस यांचं नाव होतं. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य म्हणून आले आणि अनेक वर्षं राहिले. एका मराठी माणसाने उभं केलं, दुसऱ्याने चालवलं, हे आईला सांगायची गरज नव्हती, ते तिला पाठ होतं. तिला वेगळंच सांगायचं होतं. ती म्हणाली, “हा माणूस दारोदार फिरला बघ. उस्तादांकडे चिजा होत्या, पण गळ्यात. कुणी द्यायला तयार नाही. घरातल्या मुलाला देतील, फार तर जावयाला. म्हातारे गेले की चिजा गेल्या. याने मागितल्या. नाही म्हणाले तरी परत गेला, परत मागितल्या, लिहून घेतल्या.” थोड्या वेळाने म्हणाली, “असणाऱ्याकडे काय, असतंच. मागणारा पाहिजे.”

मी तेव्हा त्यांच्या स्वरलिपीबद्दल काहीतरी बोलले. गाणं कागदावर उतरवताना काय निसटतं, मींड कशी लिहिणार, वगैरे. एम.ए.च्या वर्गात शोभावं असं. आई ऐकत होती. आता वाटतं, ती वाट बघत होती.

‘तुला पाठवून ठेवू का’ हे तिने त्यानंतर काही महिन्यांनी विचारलं. ती देऊ करत होती, आणि मी मागितलं नव्हतं.

फोन मुलीकडे गेला, तिने त्याला गुलाबी कव्हर घातलं. मी माई मावशीला कराडला फोन केला आणि पहिल्यांदा मागितलं: आईचं तुझ्याकडे काय काय आहे? मावशी एकोणऐंशी वर्षांची, तिच्या सुनेने शोधून सगळे आवाज मला पाठवले. त्रेचाळीस निघाले. गुडघे, तुरीच्या डाळीचा भाव, लखनौची थंडी, माझं वजन. सबंध गाणं एकही नाही. एकात ती कारल्याच्या गाण्याच्या दोन ओळी गुणगुणते आणि म्हणते, “बाकीचं तुला येतंच.” दूर राहणाऱ्या बहिणीला येत होतं म्हणून पाठवलं नाही, आणि घरातल्या मुलीला येत नव्हतं तरी पाठवलं नाही, कारण मुलगी घरातच होती.

ते गाणं महाराष्ट्रात हादगा खेळलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं, आता जाऊ? वेल येऊ दे. वेल आला, आता जाऊ? असं ते फूल, कारलं, भाजी करत लांबत जातं. आठवेल तेवढं मी लिहून काढलं आणि मध्येच थांबले. आईची चाल नेमकी कुठे वळायची ते सापडेना. मावशीला विचारलं तर तिला दम लागतो, गाता येत नाही.

आश्विनात एका दुपारी दीदी पीठ मळत होत्या. मुलगी शाळेतून परस्पर आमच्याकडे आली होती, कोपऱ्यात फोनवर अभ्यास करत बसली होती. मी विचारलं, “दीदी, अम्मा दोपहर में गाती थीं. आपको कुछ याद है?”

त्या लाजल्या. “हमें कहाँ आती है आपकी भाषा.”

“जैसा आता हो.”

त्यांनी परातीकडे बघत सुरुवात केली. शब्द मराठी नव्हते, अवधीही नव्हते. दोन्हींच्या मधला, घासून गुळगुळीत झालेला काहीतरी आवाज होता. त्यात ‘करेला’ तेवढा स्वच्छ ऐकू येत होता, आणि ‘माहेर’च्या जागी ‘नैहर’ बसला होता. तो शब्द कुणी सांगितला, आईने की त्यांनी स्वतः बसवला, हे मी विचारलं नाही. मी मुलीला खूण केली, तिने फोन पुढे धरला. दोन कडवी झाली आणि वरून विमान आलं. दीदी थांबल्या, हात पिठात तसाच ठेवून. विमान गेलं. त्यांनी पुढचं कडवं घेतलं.

मुलीने ते मला पाठवलं, मी लगेच मावशीला पाठवलं. कोण गातंय ते सांगितलं नाही.

मूळ लेखकाची चूक भाषांतरात दुरुस्त करावी की राहू द्यावी, हा आमच्यातला जुना वाद आहे. मी आजवर दुरुस्त करणाऱ्यांच्या बाजूने होते.

रात्री मावशीचा आवाज आला. “कोण गं ही? शब्दांचं पार वाटोळं केलंय. पण चाल आपलीच आहे.” मग दम घेतला. “आणि फूल कुठं गेलं? वेलावर एकदम कारलं? मधे फूल नको का यायला? तुझी आई पण अशीच. दरवेळी फूल गाळायची. लहानपणापासून शंभरदा सांगितलं असेल मी तिला.”

गाणं मी आता वहीत पूर्ण उतरवलं आहे, साटोऱ्यांच्या पानाच्या पुढच्या पानावर. फुलाची ओळ घातलेली नाही.